परसातील बास्केटबॉल: असमान भिडूंचा खेळ

अमेरिकेतील असंख्य घरांच्या परसात, किंवा रस्त्यापासून मोटारखान्यापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यावर, ज्याला तेथे ड्राइव्हवे म्हणतात, बास्केटबॉलची एक रिंग बसवलेली असते आणि संध्याकाळच्या वेळी तिच्याखाली आई किंवा वडील आणि मूल यांचा खेळ चाललेला असतो. संघटित क्रीडाविश्वात वयोगट, वजनगट, लिंग आणि कौशल्याची पातळी यांनुसार खेळाडूंची वर्गवारी केली जाते, कारण स्पर्धा न्याय्य व्हायची असेल तर प्रतिस्पर्धी साधारणपणे तुल्यबळ असले पाहिजेत, असे तेथे गृहीत धरलेले असते. परसातील खेळात मात्र चाळिशीचा, पावणेसहा फूट उंचीचा प्रौढ आणि आठ वर्षांचे, चार फूट उंचीचे मूल एकाच रिंगवर एकमेकांविरुद्ध उभे राहतात. इतकी विषमता असूनही हा खेळ दोघांनाही रंजक कसा वाटतो आणि मूल त्यातून नेमके काय शिकते, हे समजून घेण्यासाठी खेळाचा इतिहास, चेंडूच्या गतीचे भौतिकशास्त्र आणि बालविकासाचा अभ्यास या तिन्हींकडे पाहावे लागते.

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयात झाला. कॅनडात जन्मलेले तेथील शिक्षक जेम्स नायस्मिथ यांच्यावर विभागप्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी एक काम सोपवले होते. कडाक्याच्या हिवाळ्यात कवायतीला कंटाळलेल्या १८ विद्यार्थ्यांसाठी छताखाली खेळता येईल, पण धसमुसळेपणाला वाव देणार नाही, असा खेळ दोन आठवड्यांत शोधून काढायचा होता. नायस्मिथ यांनी असा विचार केला की लक्ष्य जमिनीलगत न ठेवता डोक्याच्या वर आणि आडवे ठेवले, तर चेंडू जोराने मारून उपयोग होणार नाही, तो कमानीसारखा वर उचलूनच टाकावा लागेल, आणि त्यामुळे ताकदीपेक्षा नेमकेपणाला महत्त्व येईल. त्यांनी पीच या फळाच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, १३ नियम लिहून काढले आणि फुटबॉल वापरून पहिला सामना खेळवला. तो कठडा जमिनीपासून १० फुटांवर, म्हणजे सुमारे ३.०५ मीटरवर होता, आणि रिंगची तीच उंची आजही जगभर कायम आहे. टोपलीमागचा बोर्डही पुढच्या काही वर्षांत आला तो मुख्यतः सज्जात बसलेल्या प्रेक्षकांनी चेंडू अडवू किंवा ढकलू नये म्हणून. रिंगची उंची अशा रीतीने एका इमारतीच्या बांधणीवरून आणि प्रौढ पुरुषांच्या वर्गात ठरली. ती ठरवताना लहान मुलाचा विचार कोणी केलेला नव्हता.

वायएमसीएच्या शाखांमधून आणि शाळा-महाविद्यालयांतून हा खेळ झपाट्याने पसरला. १८९२ मध्येच सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयातील मुलींना तो शिकवायला सुरुवात केली. घरापर्यंत तो पोहोचण्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. बेसबॉलला मैदान आणि अनेक भिडू लागतात. बास्केटबॉलचा सराव मात्र एक रिंग, एक चेंडू आणि खोलीएवढी कठीण जमीन यांवर एकट्यालाही करता येतो. इंडियानासारख्या शेतीप्रधान राज्यात धान्याच्या कोठारांच्या भिंतींवर रिंगा लागल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वेगाने वाढली तेव्हा मोटारखान्याच्या दारावरची जागा जणू बोर्डासाठीच तयार मिळाली. या घरगुती मैदानाला सामाजिक इतिहासाची एक कडू बाजूही आहे. १९३४ पासून गृहकर्जांना हमी देणाऱ्या संघराज्य यंत्रणेचे निकष कृष्णवर्णीय वस्त्यांना प्रतिकूल होते आणि लेव्हिटटाउनसारख्या नव्या वसाहतींच्या करारांत गौरेतरांना राहण्यास मनाईच होती. घरखरेदीतील असा भेदभाव बेकायदा ठरवणारा संघराज्याचा कायदा १९६८ मध्ये आला. त्यामुळे स्वतःच्या ड्राइव्हवेवरची रिंग प्रामुख्याने गोऱ्या मध्यमवर्गाच्या वाट्याला आली, तर न्यूयॉर्कच्या हार्लेममधील रकर पार्कसारखी सार्वजनिक मैदाने शहरी कृष्णवर्णीय मुलांची खेळशाळा बनली.

पालक आणि मूल यांच्यातील विषमता किती आहे, हे ढोबळ गणितानेही दाखवता येते. फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अडथळ्याविना ठरावीक रेषेवरून टाकायचा चेंडू, बोर्डापासून १५ फुटांवरून टाकला जातो आणि तेथून रिंगचे केंद्र आडव्या अंतराने सुमारे ४.२ मीटर असते. प्रौढाच्या हातातून चेंडू साधारण २.१ मीटर उंचीवर सुटतो असे धरले, तर हवेचा रोध सोडून देता त्याला किमान ७.२ मीटर प्रतिसेकंद वेग द्यावा लागतो. मुलाच्या हातातून तोच चेंडू १.३ मीटरवर सुटत असेल, तर हा किमान वेग ७.९ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास जातो. फरक किरकोळ भासतो, परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे मुलाला प्रौढापेक्षा सुमारे २० टक्के अधिक ऊर्जा खर्चावी लागते, आणि तीही प्रौढाच्या निम्म्याहून कमी वजनाच्या शरीरातून. मुलासाठी रिंग १० फुटांवरून ८ फुटांवर आणली की १० फुटांवरील रिंगमध्ये चेंडू टाकणाऱ्या प्रौढाच्या तुलनेत ही तफावत ५ टक्क्यांच्या आत येते. खेळ सोपा करण्यासाठी मुलाला जवळ उभे करण्याची सवय सर्वत्र आढळते. पण जवळून टाकला तरी चेंडू तेवढाच उंच उचलावा लागतो, म्हणून रिंग खाली घेण्याचा उपाय त्या अडचणीच्या मुळाशी जातो.

दुसरा प्रश्न कोनाचा आहे. रिंगचा आतील व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर, तर पुरुषांच्या, म्हणजे ७ क्रमांकाच्या चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर असतो. सरळ वरून पडणाऱ्या चेंडूला संपूर्ण वर्तुळ मोकळे मिळते, पण तिरक्या येणाऱ्या चेंडूच्या दृष्टीने ते वर्तुळ चपटे होत जाते. ४५ अंशांत उतरणाऱ्या चेंडूला सुमारे ३२ सेंटिमीटरची वाट मिळते. ३० अंशांत ती २३ सेंटिमीटरच उरते, म्हणजे चेंडूच्या व्यासापेक्षाही कमी, आणि तो रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. ताकद कमी पडणारे मूल साहजिकच चेंडू कमरेजवळून, दोन्ही हातांनी, सपाट मार्गाने फेकते, आणि अशा फेकीला यशाची शक्यता भूमितीच नाकारते. जड चेंडू हीदेखील तीच सवय लावतो. ७ क्रमांकाच्या चेंडूचा परीघ सुमारे ७५ सेंटिमीटर असतो, तर मुलांसाठीच्या ५ क्रमांकाच्या चेंडूचा सुमारे ७० सेंटिमीटर असून तो वजनालाही बराच हलका असतो. एनबीए ही व्यावसायिक संघटना आणि यूएसए बास्केटबॉल ही राष्ट्रीय संस्था यांनी मिळून केलेल्या शिफारशींत ७ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ८ फूट, ९ ते ११ वर्षांसाठी ९ फूट आणि त्यापुढे १० फूट अशी रिंगची उंची सुचवली आहे. घरगुती वापरासाठी मिळणारे बहुतेक खांब साडेसात ते दहा फुटांच्या दरम्यान वरखाली करता येतात, ते याच गरजेतून.

साधने बदलली तरी खेळाडू विषमच राहतात, आणि ती उरलेली विषमता नियमांनी सांभाळली जाते. घरगुती बास्केटबॉलमध्ये रूढ झालेले अनेक खेळप्रकार नेमके हेच करतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रकार ‘हॉर्स’ हा आहे. एका खेळाडूने मनाला येईल त्या जागेवरून, मनाला येईल त्या पद्धतीने चेंडू टाकायचा. तो रिंगमध्ये गेला तर दुसऱ्याने तशीच फेक जमवून दाखवायची, आणि न जमल्यास इंग्रजीत घोड्यासाठी असलेल्या पाच अक्षरी शब्दाचे एक अक्षर त्याच्या नावावर चढते. पाचही अक्षरे पुरी झाली की तो बाद. या खेळात धावणे, उडी आणि अडवणूक नसल्यामुळे उंचीचा आणि वेगाचा फायदा बराचसा निकामी होतो, उलट विचित्र फेकी शोधणाऱ्या कल्पक मुलाला प्रौढावर मात करण्याची खरीखुरी संधी मिळते. पहिल्या कोविड टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, एनबीएने विद्यमान आणि निवृत्त खेळाडूंमध्ये हाच खेळ दूरचित्रवाणीसाठी भरवला, तेव्हा अनेकांनी तो आपापल्या घरच्या रिंगवरून खेळला आणि माइक कॉनली विजयी ठरले.

एकास एक सामन्यातही नियमांची निवड निर्णायक असते. अमेरिकेत त्याचे दोन प्रघात आहेत: एकात बास्केट करणाऱ्याकडेच चेंडू राहतो, दुसऱ्यात तो ज्याच्यावर बास्केट झाली त्याच्याकडे जातो. पहिल्या प्रघातात बलवान खेळाडू समोरच्याला चेंडूला हातही न लावू देता सामना संपवू शकतो, म्हणून पालक आणि मूल यांच्यासाठी दुसरा प्रघात उघडच योग्य ठरतो. याशिवाय प्रौढाने केवळ डाव्या हाताने खेळणे, फेक अडवताना उडी न मारणे, ठरावीक रेषेच्या बाहेरूनच चेंडू टाकणे, किंवा मुलाला काही गुणांची आघाडी देऊन सुरुवात करणे, अशी बंधने घरोघरी घातली जातात. महाराष्ट्रातील मुलांच्या खेळांत लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून सामावून घेण्याची रीत आहे. त्याच्यावर राज्य येत नाही किंवा तो सहसा बाद धरला जात नाही. या रीतीत लहानाला नियमांतून सूट मिळते, तर परसातील बास्केटबॉलमध्ये मोठा स्वतःवर बंधन घेतो आणि मुलाला मात्र खेळाचे सगळे नियम लागू राहतात, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

प्राण्यांच्या खेळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या वर्तनाला स्वयं-मर्यादन म्हणता येईल अशा संज्ञेने ओळखतात. मोठा कुत्रा पिल्लाशी खेळताना आपण होऊन उताणा पडतो, चावा हलका ठेवतो, पळताना वेग कमी करतो. बलवान प्राण्याने असे केले नाही तर दुर्बल भिडू खेळ सोडून जातो आणि खेळच संपतो. मानवी शिकण्याच्या संदर्भात हाच विचार अधिक सूक्ष्मपणे मांडला गेला आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्या मते मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणकाराच्या साहाय्याने जे करू शकते, या दोहोंमधील पट्टा हेच शिकण्याचे खरे क्षेत्र असते. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ च्या आपल्या निबंधात अशा साहाय्याला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत परांची आधार देते आणि नंतर ती काढून घेतली जाते, तसा शिकवणाऱ्याचा आधारही मुलाची क्षमता वाढेल तसा कमी होत गेला पाहिजे. पालकाने डाव्या हाताने खेळणे ही अशी परांची आहे. मूल दहा वर्षांचे झाले, त्याची फेक स्थिरावली, की उजवा हात वापरायचा, आणखी काही काळाने उडी मारायची, अशा क्रमाने बंधने सैल झाली तर मुलाला आपल्या प्रगतीचे माप प्रतिस्पर्ध्याच्या बदलत्या नियमांतूनच मिळत राहते.

येथे मुलाला मुद्दाम जिंकू द्यावे की नाही, हा प्रश्न उपस्थित होतो. मुद्दाम चुकवलेली फेक आणि उघडपणे स्वीकारलेले बंधन यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यात फसवणूक आहे, आणि थोडे मोठे झालेले मूल ती बहुधा ओळखते, म्हणून त्या विजयाला त्याच्या लेखी किंमत उरत नाही. दुसऱ्यात सामना सुरू होण्यापूर्वीच अटी दोघांना ठाऊक असतात, त्यांच्या मर्यादेत प्रौढ मनापासून खेळतो आणि मूल जिंकले तर खरोखर जिंकते. अटींविषयी घासाघीस करण्याची मुभा मुलाला असली तर त्याला आणखी एक धडा मिळतो. नियम हे माणसांनी संमतीने केलेले असतात, ते बदलता येतात, मात्र डाव चालू असताना एकतर्फी बदलता येत नाहीत.

सराव कसा करावा याविषयीही संशोधनाने काही उपयुक्त गोष्टी दाखवून दिल्या आहेत. रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने लहान पिशव्या ३ फुटांवरील लक्ष्यावर टाकण्याचा सराव केला, तर दुसऱ्या गटाने २ आणि ४ फुटांवरून. शेवटी ३ फुटांवरून परीक्षा घेतली तेव्हा त्या अंतराचा सराव न केलेला दुसरा गटच सरस ठरला. बदलत्या अंतरांमुळे मेंदू एक ठरावीक हालचाल पाठ न करता अंतर आणि जोर यांचा संबंध शिकतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. एकाच रेषेवर उभे राहून शंभर फेकी मारायला लावणाऱ्या कवायतीपेक्षा ‘हॉर्स’सारखा खेळ, ज्यात प्रत्येक फेक वेगळी असते, या दृष्टीने अधिक शिकवतो. गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनमालेचा निष्कर्षही पालकांच्या कामाचा आहे: खेळाडूचे लक्ष आपल्या मनगटाकडे किंवा कोपराकडे असण्यापेक्षा रिंगकडे किंवा चेंडूच्या मार्गाकडे असेल तर फेक सामान्यतः अधिक अचूक होते. म्हणून ‘कोपर आत घे’ या सूचनेपेक्षा ‘चेंडू रिंगच्या वरून सोड’ ही सूचना बरी, आणि प्रत्येक फेकीनंतर टिप्पणी करण्यापेक्षा अधूनमधून केलेली टिप्पणी बरी, कारण सततच्या सूचनांची सवय लागली की मूल स्वतःच्या चुका स्वतः हेरण्याचे सोडून देते.

थोर खेळाडूंच्या चरित्रांत परसातील रिंग वारंवार भेटते. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे वाढलेले रेजी मिलर लहानपणी थोरली बहीण शेरिल हिच्याविरुद्ध घरच्या मैदानावर खेळत. ती उंच आणि इतकी निष्णात होती की १९८२ मध्ये एका शालेय सामन्यात तिने १०५ गुण नोंदवले. तिने फेकी अडवू नयेत म्हणून रेजी अधिकाधिक दुरून चेंडू टाकू लागले, आणि २००५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा एनबीएतील सर्वाधिक, म्हणजे २,५६० तीन गुणी फेकींचा विक्रम त्यांच्या नावावर होता. स्टीफन करी यांचे वडील डेल हे स्वतः १६ मोसम एनबीएत खेळलेले नेमबाज. लहान चणीमुळे स्टीफन चेंडू कमरेजवळून उचलून फेकत. शालेय वयात एका उन्हाळ्यात वडिलांनी त्यांची फेक मुळापासून बदलून चेंडू डोक्याच्या वरून सोडायला शिकवले, आणि तो काळ मुलासाठी अत्यंत जाचाचा होता, असे दोघांनीही सांगितले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तीन गुणी फेकींचा विक्रम स्टीफन यांच्याकडे आला.

याच इतिहासात इशाराही आहे. प्रशिक्षक प्रेस मॅराविच यांनी मुलगा पीट याला अगदी कोवळ्या वयापासून चेंडू हाताळण्याच्या असंख्य कवायतींत घडवले आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठात त्याला स्वतः प्रशिक्षण दिले. तेथे पीट यांनी सामन्यामागे सरासरी ४४.२ गुण मिळवले, हा विक्रम आजवर कोणीही मोडलेला नाही. तथापि पित्याच्या महत्त्वाकांक्षेचे ओझे या खेळाडूने आयुष्यभर वाहिले, असे त्यांच्या चरित्रांतून दिसते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये असा सल्ला दिला की एकाच खेळात विशेष प्रावीण्य मिळवण्याचा मार्ग शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत लांबणीवर टाकावा, कारण लवकर घातलेल्या एकसुरी ताणातून इजा आणि खेळाविषयी वीट या दोहोंचा धोका वाढतो. परसातील खेळाचे बळ तो प्रशिक्षणवर्ग नसण्यातच आहे. तेथे गुणफलक नसतो, निवडचाचणी नसते आणि कंटाळा आला की चेंडू कोपऱ्यात टाकून घरात जाता येते.

भारतात बास्केटबॉल आला तोही मुख्यतः वायएमसीएच्या वाटेने. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण विद्यालयाचा या प्रसारात मोठा वाटा होता, आणि मुंबईतील नागपाड्यासारख्या दाट वस्तीत तो गल्लीतल्या मुलांचा खेळ बनला. येथे घरापुढे स्वतंत्र ड्राइव्हवे क्वचितच असतो, परंतु गृहसंकुलांच्या आवारात आता रिंगा दिसतात आणि अमेरिकेच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दारात त्या आहेतच. आवारातील सामायिक रिंग सहसा १० फुटांवर पक्की बसवलेली असते, म्हणजे लहान मुलांसाठी ती जवळजवळ निरुपयोगी ठरते. वरखाली करता येणारा खांब निवडला तर तीच जागा सर्व वयांच्या कामी येईल.

खेळ शिकवण्यासाठी पालकाने स्वतः उत्तम खेळाडू असण्याची गरज नाही. रिंग मुलाच्या वयाला शोभेल इतकी खाली घ्यावी, चेंडू लहान निवडावा, सामन्यापूर्वी स्वतःवरची बंधने उघडपणे ठरवून घ्यावीत आणि त्यानंतर त्या बंधनांत राहून मनापासून खेळावे, सूचना मोजक्याच कराव्यात आणि मुलाच्या वाढीबरोबर एकेक बंधन काढून टाकावे. ज्या दिवशी पालकावर एकही बंधन उरलेले नसताना मूल जिंकेल, त्या दिवशी हा खेळ यशस्वी झाला असे समजावे.